कोम्बुचात कोरडे हॉप्स: दोन लिटरची बरणी, नागपूरचा उन्हाळा आणि पायऱ्यांचा क्रम

हॉप्स (बीअरला वास आणि कडूपणा देणारी वेलीची वाळवलेली फुलं) घातलेला कोम्बुचा (गोड चहा आंबवून केलेलं पेय) घरी करून पाहिलेल्यांची तक्रार बहुतेक एकच असते: पपनसासारखा वास येईल असं वाचलं होतं, ग्लासात आला तो गवताचा काढा. चूक बहुधा क्रमात असते. हॉप्स फार लवकर पडतात, फार वेळ राहतात आणि काढायची आठवण होते ती बाटलीत फेस धरल्यावर. म्हणून इथे काय घालायचं यापेक्षा कधी घालायचं आणि कधी काढायचं यावर जास्त लिहिलं आहे.

ड्राय हॉपिंगचं, म्हणजे न उकळता थंड पेयात हॉप्स भिजवण्याचं, तंत्र मुळात बीअरचं. पण महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे हा लेख कोम्बुचापुरताच. कोम्बुचातही किण्वनाने थोडा अल्कोहोल तयार होतो आणि बंद बाटलीत साखर व ऊब मिळाली की तो वाढतो. लहान मुलं, गरोदर बायका, प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं आणि दारूचा थेंबही वर्ज्य असलेले यांना हे पेय देऊ नका.

साधा कोम्बुचा तुम्हाला जमतो असं धरून चालतो. तो अजून जमत नसेल तर आधी दोन-तीन वेळा बिनहॉप्सचा करा. बिघडलं तर दोष कुणाचा ते तरी कळेल.

## तयारी: हॉप्स कसे घ्यायचे, कसे ठेवायचे

घरगुती प्रमाणासाठी पेलेट, म्हणजे दळून दाबलेल्या हॉप्सच्या गोळ्या, घ्या. आख्खी फुलं दिसायला सुंदर, पण ती तरंगत राहतात, जागा खातात आणि पाकीट उघडलं की लवकर उतरतात. जात निवडताना कोम्बुचाचा आंबटपणा लक्षात ठेवा. कॅस्केड किंवा सिट्रासारखे लिंबूवर्गीय वासाचे हॉप्स आंबटपणाशी जुळतात. साझसारखा नाजूक, मसालेदार वास व्हिनेगरी आंबटपणाखाली दबून जातो, त्याच्यावर पैसे घालवू नका, असं माझं मत.

पाकिटावर अल्फा आम्लाची टक्केवारी असते. ती उकळण्याच्या कामाची. अल्फा आम्लं उकळल्यावर रूप बदलतात आणि मग पेयात कडूपणा उतरतो. थंड पेयात आपण हॉप्स घालतो ते त्यांच्या तेलांसाठी. तेव्हा १२ टक्के म्हणजे चांगले आणि ५ टक्के म्हणजे हलके, असा हिशेब इथे लावू नका.

हॉप्स ऑनलाइनच मागवावे लागतात, आणि इथेच नागपूरकरांचं पहिलं नुकसान होतं. एप्रिल-मे मध्ये पार्सल कुरियरच्या गाडीत आणि गोदामात दोन-चार दिवस तापतं. जमलं तर डिसेंबर-जानेवारीत वर्षभराचे मागवून फ्रीझरमध्ये टाका. निर्वात केलेलं चंदेरी पाकीटच घ्या. पारदर्शक पिशवीत सुटे भरून मिळत असतील तर नको. पाकीट उघडल्यावर हवा दाबून काढा, तोंड घट्ट बंद करा आणि हवाबंद डब्यात घालून पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवा.

तपासा: एक पेलेट तळहातावर घेऊन दुसऱ्या हाताने चुरडा आणि लगेच हुंगा. लिंबाची साल, चीडाचं लाकूड, पिकलं फळ असं काही आलं पाहिजे आणि हात किंचित चिकट झाला पाहिजे. जुनं चीज किंवा घामट मोज्यांचा वास आला तर ते हॉप्स संपले. जास्त घालून भरपाई होत नाही, दुर्गंध तेवढा वाढतो.

सावधान: घरात कुत्रा असेल तर हॉप्स त्याच्या तोंडी लागू देऊ नका, वापरून झालेला चोथाही नाही. हॉप्स खाल्ल्यावर कुत्र्यांच्या शरीराचं तापमान धोकादायक वाढतं, जीवही जातो. गल्लीतली कुत्री कचऱ्याची पिशवी फाडतात, म्हणून चोथा उघड्या कचऱ्यात टाकू नका. झाकणाच्या कंपोस्ट डब्यात घाला किंवा घट्ट गुंडाळून थेट घंटागाडीत द्या.

## तयारी: सामान

- ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमच्या पायरीचा काटा इथे निरुपयोगी: तो ३ दाखवतो तेव्हा खरं वजन अडीच असेल किंवा साडेतीनच्या जवळ.
- दोन लिटरची झाकणाची काचेची बरणी. ज्या बरणीत स्कोबी (कोम्बुचा आंबवणारा यीस्ट-जिवाणूंचा जाड पापुद्रा) राहते ती नव्हे, वेगळी.
- बारीक स्टीलची गाळणी, मलमलचं धुतलेलं फडकं, कॉफीचे कागदी फिल्टर.
- दाब सहन करणाऱ्या बाटल्या आणि सोड्याची एक छोटी प्लास्टिकची बाटली. ही फेस मोजायला.
- पीएच पट्ट्या.

पितळ, तांबं, ॲल्युमिनियम यांपैकी काहीही नको, आम्लात धातू उतरतो. लोणच्याची जुनी चिनीमातीची बरणीही नको, तिच्या झिलईत काय आहे ते कळायला मार्ग नाही. सगळं साबणाने धुऊन, खळखळून, गरम पाण्याने विसळा. काच आधी कोमट पाण्याने तापवा, मग कढत पाणी घाला, नाहीतर बरणी तडकते.

## मूळ कोम्बुचात दोन बदल

पहिला बदल चहाचा. आपल्या घरातला दाणेदार सीटीसी चहा कडक असतो. त्यात टॅनिन, हॉप्समध्येही तुरटपणा देणारे पॉलिफेनॉल. दोन्ही एकत्र आले की जीभ सुकते आणि दोष हॉप्सवर येतो. पानाचा चहा किंवा ग्रीन टी लिटरला ५ ग्रॅम घ्या. सीटीसीच वापरायचा असेल तर ३ ग्रॅमवर थांबा आणि चार मिनिटांत गाळून घ्या. साखर नेहमीसारखी, लिटरला ६० ते ७० ग्रॅम.

दुसरा बदल पाण्याचा. कन्हान-पेंचच्या नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर ते उघड्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटं उकळून निवू द्या. बोअरचं जड पाणी टाळा. त्यातले क्षार आम्ल खातात, आंबायला उशीर होतो आणि चहाही गढूळ उतरतो.

## टप्पा १: कोम्बुचा किती आंबला की थांबायचं

हॉप्ससाठी कोम्बुचा नेहमीपेक्षा थोडा आधी थांबवा. अजून जराशी गोडी असावी, पण पीएच ३.५ च्या खाली गेलेला असावा. २५-२८ अंशाला साधारण सात ते दहा दिवसांत हे होतं. मे महिन्यात घरातच ३५-३६ अंश असतं तेव्हा चौथ्या दिवसापासून चाखायला लागा. कॅलेंडर पाहून बसाल तर हाती व्हिनेगर येईल.

उन्हाळ्यात बरणी थंड ठेवायची साधी युक्ती: घमेल्यात चार बोटं पाणी, त्यात बरणी, बरणीभोवती ओलं फडकं आणि फडक्याची टोकं पाण्यात. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि बरणी काही अंश थंड राहते. पावसाळ्यात याचा उपयोग नाही, कारण हवेतच ओल असते. कूलरसमोर मात्र बरणी ठेवू नका. दमट झोत सतत तोंडावरच्या कापडावर आला की बुरशीला आमंत्रण.

तपासा: पृष्ठभागावर कोरडी, केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली तर इथेच थांबा. स्कोबीसकट सगळं फेकायचं. वरचा थर काढून खालचं वाचवायचं नाही.

## टप्पा २: विरजण आधी काढा

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. हॉप्सला हात लावण्यापूर्वी पुढच्या वेळचं विरजण, म्हणजे स्कोबी आणि २००-२५० मिली तयार कोम्बुचा, वेगळ्या बरणीत काढून बाजूला ठेवा.

कारण असं, की हॉप्समधली द्रव्यं काही जिवाणूंची वाढ रोखतात, खासकरून लॅक्टिक आम्ल करणाऱ्यांची. ॲसिटिक आम्लवाले त्यांना फारसे जुमानत नाहीत. पण हॉप्सची तेलं आणि हिरवा चुरा स्कोबीला चिकटला की तो धुऊन जात नाही, आणि त्यानंतरच्या प्रत्येक घाण्याला तोच शिळा वास येत राहतो. हॉप्सवाला कोम्बुचा विरजण म्हणून कधीच वापरू नका.

## टप्पा ३: गाळा आणि गार करा

उरलेला कोम्बुचा मलमलमधून गाळून स्वच्छ बरणीत भरा. गळ्यापर्यंत भरा. ॲसिटिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. वर मोकळी जागा नसली की आंबणं मंदावतं, आणि हॉप्सचा वासही हवेने कमी बिघडतो. मग झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

गार करण्याचा फायदा दुहेरी. यीस्ट तळाशी बसतं आणि विरघळलेला वायू शांत होतो. सकाळी वरचं नितळ पेय हलक्या हाताने दुसऱ्या बरणीत ओता, तळाचा गाळ मागेच राहू द्या.

सावधान: हॉप्स गरम चहात घालू नका, चहाबरोबर उकळू तर अजिबात नका. सुवास वाफेबरोबर घरभर पसरतो आणि बरणीत कडूपणा तेवढा उरतो.

## टप्पा ४: मोजा आणि सोडा

पहिल्यांदा लिटरला १.५ ग्रॅम, म्हणजे दोन लिटरला ३ ग्रॅम. आवडलं तर पुढच्या वेळी २ ग्रॅमवर जा. बीअरच्या पाककृतींत लिटरला ५-६ ग्रॅम किंवा त्याहून जास्त दिसतात, ते आकडे इथे आणू नका. बीअरमध्ये माल्टचा गोडवा आणि दाटपणा असतो, कोम्बुचा पातळ आणि आंबट, त्यात लपायला जागाच नाही.

नवी जात असेल तर आधी चाचणी करा. २०० मिली कोम्बुचात ०.३ ग्रॅम पेलेट घालून, झाकून एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा. आवडली नाही तर एक ग्लासच गेला.

पेलेट पिशवीत बांधून घालायचे की सुटे? दोन लिटरसाठी मी सुटेच सांगेन. पेलेट भिजले की फुगून अनेक पट होतात, आणि घट्ट पुरचुंडीत मधला गाभा कोरडाच राहतो. पिशवीच हवी असेल तर मोठी घ्या, दोन तृतीयांश रिकामी ठेवा आणि बुडण्यासाठी उकळलेला स्टीलचा चमचा आत टाका.

सुटे पेलेट पेयात टाकल्यावर काही क्षण तसेच दिसतात, मग कडेने फुटायला लागतात, आणि थोड्याच वेळात वर हिरव्या चिखलाचा थर जमतो. घाबरू नका, ढवळू नका. झाकण लावून बरणी हळूच गोल फिरवा. काही तासांनी पुन्हा एकदा फिरवा. चुरा आपोआप खाली जाऊ लागतो.

सावधान: फेस असलेल्या पेयात पेलेट कधीही टाकू नका. प्रत्येक कणाभोवती वायूचे बुडबुडे धरतात आणि कोल्ड्रिंकमध्ये मेंटोस टाकल्यासारखं सगळं उसळून ओट्यावर येतं. आधीच बाटलीत फेस धरला असेल तर हॉप्सचा बेत त्या घाण्यापुरता सोडून द्या.

## टप्पा ५: वेळ

सुवास बराचसा पहिल्या चोवीस तासांतच पेयात उतरतो. त्यानंतर उतरतो तो मुख्यतः पानांचा तुरटपणा. "आठवडाभर ठेवलं तर जास्त वास" हा गैरसमज डोक्यातून काढा.

डिसेंबर-जानेवारीत घरात २० अंशांच्या आसपास असतं, तेव्हा बाहेर अंधाऱ्या कपाटात २४ तास पुरतात. बाकी जवळजवळ वर्षभर नागपुरात हे काम फ्रिजमध्येच करा: ४८ तास, फार तर ७२. बरणी दारातल्या कप्प्यात नको, आत मागच्या बाजूला ठेवा, दार सारखं उघडल्याने पुढचा भाग तापतो. मे महिन्यात लाइट वारंवार जात असेल तर ४८ च्या ऐवजी ३६ तासांनीच चाखा.

चाखायची पद्धत अशी: स्वच्छ चमच्याने मधलं पेय घ्या, तळाचं नाही. आधी हुंगा, मग घोट जिभेवर फिरवा आणि गिळल्यावर थांबा. गिळल्यानंतर हिरड्या आक्रसल्यासारख्या वाटायला लागल्या की वेळ संपली. वास अजून कमी वाटला तरी काढा.

उजेडापासून लांब ठेवा. हॉप्सची काही द्रव्यं उन्हात बदलतात आणि उग्र, जनावरासारखा दर्प येतो. उकळलेल्या हॉप्समध्ये हा धोका जास्त, पण ओट्यावरच्या खिडकीत बरणी ठेवायचं कारण नाहीच.

## टप्पा ६: गाळा, दाबू नका

गाळण्यापूर्वी बरणी किमान रात्रभर न हलवता फ्रिजमध्ये राहू द्या, म्हणजे चुरा तळाशी बसेल. हा वेळ वरच्या ४८ तासांतच धरा. हिवाळ्यात बाहेर ठेवली असेल तर पंधरा-सोळा तासांनी आत सरकवा.

आता क्रम असा: वरचं पेय आधी स्टीलच्या गाळणीतून, मग भिजवून पिळलेल्या मलमलमधून, शेवटी जमेल तितकं कॉफी फिल्टरमधून. कॉफी फिल्टर पटकन तुंबतो, दोन-तीन लागतात. वैताग येईल, तरी ही पायरी सोडू नका. बाटलीत राहिलेला हिरवा कण नंतर झाकण उघडताना फवारा उडवतो.

चोथा पिळायचा मोह होतो. तीन ग्रॅम पेलेट तीसेक मिली पेय पिऊन बसतात, ते जाऊ द्या. पिळलं की तुरट गढूळपणा सगळ्यात उतरतो.

## टप्पा ७: बाटली आणि फेस

गाळलेलं पेय बाटल्यांत भरा, वर दोन बोटं जागा सोडा. पेय चाखून अजून गोडसर लागत असेल तर साखर घालू नका. गोडी अजिबात उरली नसेल तर लिटरला ५ ग्रॅम साखर, थोड्या पाण्यात विरघळवून, उकळून, गार करून. "जास्त फेस हवा" म्हणून चमच्याने अंदाजे साखर टाकणं ही काच फुटण्याची पूर्वतयारी.

त्याच पेयाने प्लास्टिकची छोटी बाटलीही भरा आणि सगळ्या बरोबर ठेवा. ती दाबून पाहा. आज दबते, उद्या कडक लागते. दगडासारखी कडक झाली की सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये हलवा. थंडीत याला तीन-चार दिवस लागतात. नवतप्यात (मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बारा तासांनंतर दर चार-सहा तासांनी दाबून पाहा, आणि बाहेरगावी जायचं असेल तर बाटल्या बाहेर ठेवूच नका.

सावधान: चौकोनी, शोभेच्या किंवा पातळ काचेच्या बाटल्या वापरू नका. काचेच्या बाटल्या झाकणाच्या थर्मोकोलच्या खोक्यात किंवा जाड पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवा, वर जुना टॉवेल टाका. उघडण्यापूर्वी पूर्ण गार करा आणि वाकून उघडू नका.

फ्रिजमध्ये गेल्यावर दोन आठवड्यांत संपवा. पेय खराब होतं म्हणून नव्हे. हॉप्सचा ताजा वास त्यानंतर झपाट्याने उतरतो आणि उरतो तो साधा कोम्बुचा.

## संत्र्याची साल घालायची असेल तर

नागपुरात राहून हा मोह टाळणं कठीण. साल हॉप्सबरोबरच, टप्पा ४ मध्ये घाला. अंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे. दोन्ही चालतात, मात्र साल ताजी आणि टणक हवी. मिठाच्या कोमट पाण्यात घासून धुवा, बटाट्याच्या सोलण्याने फक्त केशरी पापुद्रा काढा. पांढरा भाग आला तर कडूपणा येतो. दोन लिटरला एका संत्र्याची अर्धी साल पुरे, आणि हॉप्स २ ग्रॅमवर आणा. संत्र्याचा रस या टप्प्यावर घालू नका, रसातली साखर बाटलीतल्या दाबाचं गणित बिघडवते.

## बिनसलं तर

गवताचा वास, घसा तुरट: वेळ जास्त झाला, चोथा पिळला गेला किंवा चहा कडक होता. आधी वेळ कमी करून पाहा, हॉप्सचं वजन तेवढंच ठेवा. दोन्ही एकदम बदललं तर कारण सापडत नाही.

वासच नाही: पाकीट हुंगलं होतं का? हॉप्स ठीक असतील तर पेय फार आंबट झालेलं असणार. पुढचा घाणा दोन दिवस आधी थांबवा.

उघडताच निम्मी बाटली बाहेर: हिरवे कण राहिले किंवा दाब जास्त झाला. बाकीच्या बाटल्या दोन दिवस फ्रिजच्या सगळ्यात थंड भागात ठेवा, मग सिंकमध्ये धरून झाकण अगदी थोडं थोडं सैल करा.

चव कडू, पण वास चांगला: हॉप्स गरम पेयात पडले असतील. नसतील, तर मात्रा लिटरला १ ग्रॅमवर आणा. न उकळलेल्या हॉप्सनेही थोडा कडूपणा येतो, आणि काहींच्या जिभेला तो पटकन कळतो.

गाळताना वास होता, ग्लासात नाही: पेय बर्फाळ थंड प्यायलं जातंय. ग्लासात ओतून पाच-सात मिनिटं थांबा. बर्फ घालू नका, आणि ग्लास काठोकाठ भरू नका, वास साठायला वर तीन बोटं जागा लागते.